पाच वर्षांची सूट मोजायची कशी?

काही जण सांगतात की शिक्षकाच्या निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली असतील तर टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) काळजी नको. हा 'पाच-सहा'च घात करतो. सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची तारीख 1 सप्टेंबर 2025. सूट फक्त त्या दिवशी पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना आहे, आणि मोजायचं ते प्रत्यक्ष निवृत्तीच्या तारखेपर्यंत, वाढदिवसापर्यंत नाही.

जिल्हा परिषदेचा शिक्षक 58 पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. 1 तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे जन्म 1 सप्टेंबर 1972 चा असेल तर निवृत्ती 31 ऑगस्ट 2030, सूट लागू. 2 सप्टेंबरचा असेल तर 30 सप्टेंबर 2030, सूट गेली! तारीख सेवापुस्तकात असेल तीच धरतात, म्हणून आधी ते पान बघा.

सूट मिळालेल्यांनाही पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागतेच. बाकीच्यांना टीईटी पास व्हायला निकालाने दोन वर्षं दिली. पेपर निवडताना घोळ नको: पहिली ते पाचवीला पेपर 1, सहावी ते आठवीला पेपर 2. खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 गुण लागतात.