फ्रंट लोड मशीनला पावडर नक्की किती? मदत हवी आहे

मंडळी, आम्ही कोल्हापुरात कळंब्याकडे राहतो. मशीन ७ किलोचं, फ्रंट लोड. रोजचे कपडे जेमतेम अर्धा ड्रम भरतात. मग पावडरही निम्मीच, की थोडी जास्त?

खरी गोम पाण्याची आहे. टाकीत कधी नळाचं पाणी, कधी बोअरचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, त्यामुळे फेस धरत नाही आणि पावडर जास्त लागते, एवढं कळतं. पण तेच माप नळाच्या पाण्याला घातलं की काचेपर्यंत फेस चढतो आणि काळ्या पँटवर पांढरे पट्टे राहतात. पाणी बदललं की तुम्ही किती कमी-जास्त करता? चमच्यात सांगितलंत तर बरं.

त्यात पोरगा तालमीत जातो. तांबड्या मातीचे कपडे आधी नुसत्या पाण्यात खळबळून घेते, तरी रंग राहतोच. पावडर वाढवू, की आदल्या रात्री भिजत घालू? सासूबाई म्हणतात, वडी आणि ब्रश घे. बरोबरही असेल त्यांचं, पण घासायचं कुणी?

लिक्विड वापरणाऱ्यांनीही माप सांगा की. फक्त टॉप लोडचं नको, त्यात पाणीच जास्त लागतं.