ओरडायला मराठी, शिकवायला इंग्रजी? तुमचे अनुभव लिहा

सिडकोकर आई (धागाकर्ती)
परवा लेकीच्या शाळेत पालकसभा होती. इंग्रजी माध्यम. बाई दहा मिनिटं इंग्रजीत बोलल्या, आम्ही माना डोलावल्या. मग फीचा विषय निघाला आणि सगळे धडाधड मराठीत आले, बाईंसकट. येताना लेकीला विचारलं, वर्गात टीचर मराठी बोलतात का गं? म्हणाली, "ओरडताना बोलतात."

माझ्या बी.एस्सी.लाही तसंच होतं. व्याख्यान इंग्रजीत, "ए शेवटचा बाक, चल बाहेर हो" मराठीत. मराठी वर्गात होतीच की, पण शिकवायचं काम तिच्याकडे कधी दिलं नाही.

नाशिक परिसरात शिकवलेल्या-शिकलेल्या सगळ्यांनी लिहा. २०२० चं शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी म्हणतं, ती चर्चा दुसरीकडे करू. इथे वर्गात काय घडलं तेवढंच. शाळा-कॉलेजांची नावं नकोत.

गणितवाली
एकवीस वर्षं इंग्रजी माध्यमात गणित शिकवतेय, त्यामुळे थोडं लांबेल.

सातवीत बीजगणित सुरू झालं की 'फाइव्ह लेस दॅन एक्स' हे हमखास अडतं. निम्मा वर्ग '५ वजा एक्स' लिहितो. मुलं कच्ची नसतात, वाक्यात पाच आधी येतो म्हणून तीही आधी पाच लिहितात. पहिली काही वर्षं मी तेच इंग्रजी वाक्य आणखी सावकाश, आणखी मोठ्याने म्हणायचे. एकदा वैतागून म्हटलं, "अरे, एक्सपेक्षा ५ ने कमी!" आणि सगळ्या वह्यांत 'एक्स वजा ५' आलं. मराठीत एक्स आधी येतो, खुणेचा क्रम आपोआप जुळतो.

पण मराठी दर वेळी सोपी, असंही नाही. खालच्या वर्गात 'पंचेचाळीस' सांगा, दोन-तीन जण ५४ लिहितात, कारण पाच आधी ऐकू येतो. तिथे 'फॉर्टी-फाइव्ह' सरळ पडतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' आलं तेव्हा केवढी थट्टा झाली! वर्गात उभं राहणाऱ्यांना त्यामागची अडचण माहीत होती. तर मी दोन्ही वापरते, जिथे जी सोयीची.

द्राक्षबागवाले
पिंपळगावकडचा. दहावीपर्यंत सेमी, अकरावीला नाशिकला आलो. जीवशास्त्राच्या सरांनी 'ऑस्मॉसिस' फळ्यावर लिहिलं, व्याख्या सांगितली. वर्ग गार. मग म्हणाले, "बेदाणे रात्री भिजत घातले की सकाळी टम्म का फुगतात? आणि कैरीला मीठ लावलं की पाणी का सुटतं?" आमच्या घरी बेदाण्याची शेड आहे, माझा हात आधी वर. सरांनी मराठीत उत्तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता हेच इंग्रजीत, तुटकं चालेल." तुटकंच बोललो. पण बारावीच्या पेपरात ते वाक्य माझं मला सुचलं.

इंजिनिअर, सध्या पुण्यात
थोडा विरोधी सूर. आमचे सर सगळंच मराठीत सांगायचे, नोट्स तेवढ्या इंग्रजीत उतरवायच्या. समजायचं झकास. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, 'ट्रान्सफॉर्मर डीसीवर का चालत नाही?' विचारलं. उत्तर डोक्यात तयार, तोंडातून एक वाक्य निघेना. वरच्या प्रतिसादातलं 'आता हेच इंग्रजीत' आमच्याकडे कुणी म्हटलंच नाही.

गणितवाली
@इंजिनिअर, अगदी. तो शेवटचा टप्पा गाळला तर मुलाचं नुकसान आहे. मी वाक्य फळ्यावर मुलांकडूनच तयार करून घेते. वेळ जातो. पोर्शन मागे पडतो, मग बोलणीही मीच खाते.

रातपाळी
नर्सिंगला होते. पुस्तकं, परीक्षा सगळं इंग्रजी. वॉर्डात मात्र आजी म्हणते, "घेरी येतीय", "छातीत जळजळतंय", "अंगावरून जातंय". आमच्या मॅडमनी एक जुनी वही केली होती. डावीकडे पेशंटचे शब्द, उजवीकडे केसपेपरवर लिहायचे. आणि ताकीद द्यायच्या की 'घेरी' म्हटलं की थांबा, विचारा, खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? दोन्ही वेगळ्या तक्रारी आहेत. ती वही आम्ही झेरॉक्स करून वाटून घेतली.

सटाण्याचा
सगळे मराठी म्हणताय, माझी घरची भाषा अहिराणी. नाशिकच्या शाळेत पहिल्या आठवड्यात "माले समजनं नही" म्हणालो आणि वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर वर्षभर मला सगळं 'समजलं'.

सिडकोकर आई
@सटाण्याचा, वाचून गलबलले. दादा, धागा काढताना हे डोक्यातच आलं नव्हतं.

सातपूरची टीचर
त्याच्याच पुढचं. आमच्याकडे एमआयडीसीतल्या कामगारांची मुलं. कुणी भोजपुरी, कुणी हिंदी, बाकी मराठी. मी मराठीत समजावलं की मागची चार पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात. एका आईने गेटवर गाठून विचारलं, "मॅडम, मराठी में पढ़ाना था तो इतनी फीस क्यों?" तिचं चूक म्हणू का? आता एक मराठी, एक हिंदी अशी जोडी बसवते. पाच मिनिटं आपापसात बोला, मग इंग्रजीत सांगा. गोंगाट होतो.

नुसता वाचक
आम्हाला मराठी शब्दामागे दंड होता. वर्गातल्या पोरांनीच तो गोळा करायचा. आम्ही त्यातून वडापाव खाल्ले.

नवीन रुजू
पाचवीला विज्ञान शिकवते, पहिलंच वर्ष. मुलाखतीतच सांगितलं होतं, 'ओन्ली इंग्लिश इन क्लास'. बाष्पीभवन शिकवताना ओल्या कपड्यांचं मराठीतच सांगत होते. खिडकीपाशी बसणारा मुलगा हळूच म्हणाला, "मॅम, प्रिन्सिपल सर राउंडला." अख्खा वर्ग ताठ. मी पुढचं वाक्य इंग्रजीत घेतलं. सर दारातून डोकावून गेले आणि तोच मुलगा म्हणाला, "गेले. मॅम, कपडे वाळेपर्यंत आलो होतो."