घडीवर कागद फाटतो त्याबद्दल
ताई, कागदावर नक्षी कापायच्या मशीनवर कापलेल्या डबीचा कागद घडीवर फाटतो असं तुम्ही लिहिलंत. माझ्या अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) डब्याही अशाच उकलल्या होत्या. दोष बहुतेक वेळा ब्लेडचा नसतो, घडीच्या रेघेचा असतो. ती कापायची नाही, मशीनच्या स्कोअरिंगच्या, म्हणजे घडीची रेघ उमटवायच्या, बोथट टोकाने दाबून घ्यायची. शिवाय लांब घड्या कागदाच्या तंतूंच्या दिशेने ठेवा. कागद आडवा-उभा हलकेच वाकवून बघा, जी घडी सहज पडते ती तंतूंच्या दिशेची. मी २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा) कागद घेते. आमच्या जळगावच्या उन्हाळ्यात तो कोरडा पडून जास्तच तडकतो, म्हणून कागदाचं पाकीट आयत्या वेळीच फोडते. आणि हो, सांजोऱ्या भरणार असाल तर आत बटर पेपर हवाच. तुपाचा डाग रात्रीतून बाहेर उमटतो, सगळी जाळी-नक्षी वाया जाते.