मांजर माणसाला खरंच ओळखतं का? आयुष्यभर कुत्री पाळलेल्या माणसाचा प्रश्न

रिटायर_कंडक्टर_औसा

राम राम मंडळी. एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो, आता लातूरला लेकाच्या घरी असतो. कोण सुट्टे असून नाहीत म्हणायलंय, कोण मोठ्या लेकराला मांडीवर घेऊन लहान करायलंय, हे मला पॅसेंजर पायरीवर असतानाच कळायचं. पण घरात एक मांजर आलंय आणि चौदा महिने झाले तरी त्याचा थांग लागंना.

मी मूळचा कुत्र्याचा माणूस. शेतावर कायम कुत्रं असायचं. शेवटचा वाघ्या, अकरा वर्षं जगला. माझी मोटारसायकल ओढ्यापलीकडं असायची तवर हा बांधावर येऊन उभा. तसलीच गाडी दुसऱ्या कुणाची आली तर कानसुद्धा हलवायचा नाही. मी रागावलो की पोट जमिनीला घासत सरपटत यायचा. चूक माझी असली तरी माफी त्यानंच मागायची, असा आमचा करार होता.

वाघ्या गेला आणि त्याच्या पुढच्या येळवशीला (वेळ अमावास्या, आमच्याकडं शेतात जेवायचा सण) कोपीत आंबील पीत बसलो होतो, तर कडब्याच्या गंजीतून आवाज. मांजराचं पिल्लू, पांढरं, काळं, तांबूस, सगळं एकात कालवलेलं. नात म्हणाली, आबा, हे भज्जीसारखं दिसायलंय. येळवशीची भज्जी, म्हणजे भाज्या-शेंगा सगळं एकात शिजवलेलं, ज्यांनी खाल्लीय त्यांना कळंल. नाव तेच पडलं.

आता भज्जीबाईंचे प्रकार ऐका. हाक मारली की एक कान मागं फिरवते. फक्त कान, मान नाही. दार लावलं की रडून घर डोक्यावर घेते, उघडलं की उंबऱ्यात बसून एकदा आत बघते, एकदा बाहेर. असल्या पॅसेंजरला मी आयुष्यभर "आत व्हा नाहीतर उतरा" म्हणून ओरडलोय. मे महिन्यात माठाखालच्या ओल्या वाळूत झोपते, तेही डाव्या अंगाला, कारण माठ तिकडून पाझरतो. हे तिनं कधी तपासलं कुणास ठाऊक. लेकानं भाव वाढायची वाट बघत सोयाबीनची पोती जिन्याखाली थापून ठेवलीत, तिथले उंदीर धरते आणि माझ्या चपलेत आणून ठेवते. लेकाच्या बुटात नाही, माझ्याच, आणि दर वेळी डाव्या पायाच्या.

खरं दुखणं पुढंच आहे. ऑगस्टात मला ताप आला, चार रात्री. जी बया कधी मांडीवर बसली नाही, ती चारी रात्री माझ्या पायांवर. पाय हलवला की नख रुतवायची, गप पडा म्हणून. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि ही उठून परत पोत्यावर. मागं वळून बघितलं नाही. बायको म्हणाली, तिला तुमची नाही, तुमच्या तापाची गरज होती. मला लागलं ते. वाघ्यानं असं केलं नसतं.

तर प्रश्न एक, ती माया होती का ऊब? आणि दुसरा, बायको माळकरी आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. भज्जीला दूध-भाकरी चालू आहे. वाघ्या त्याच्यावरच मोठा झाला. हिला चालतंय ना?

बांधावरचा_बाप्पा

मांजर घराचं, कुत्रं धन्याचं. उगं डोकं नका लावू.

भट्टीवाला_भूम

काका, कुंथलगिरीच्या बाजूला आमची खव्याची भट्टी आहे. तिथं एक काळा बोका आहे. दिवसातून वीस वेळा आडवा जातो, धंदा बरा चाललाय. तर खवा कढईतून उतरला की हा ताटाच्या कडेला हजर. पण साखर घालून पेढा वळला आणि पुढं टाकला तर हुंगतो आणि चालू लागतो. भट्टीवरचं कुत्रं एकदम उलटं, पेढ्याचा नुसता कागद मिळाला तरी दुपारभर चाटत बसतं. आमचा आजा म्हणायचा, बोक्याला शुगर आहे, पथ्य पाळतो. तुमचं कोडं सुटंल तवा सुटंल, पण ह्याचं कारण कुणी सांगंल का?

गुरांचा_डॉक्टर_उदगीर

भट्टीवाले, आजोबांचं निरीक्षण पक्कं, निदान तेवढं चुकलं. मांजराला गोड चव लागतच नाही. जिभेवर गोडाची जी कळ असते, तिचं एक जनुक मांजरकुळात निकामी आहे. 2005 साली हे शोधून काढलं, आणि वाघ-चित्त्यांतही तेच सापडलं. बोक्याला खव्यातल्या स्निग्धाचा मोह, साखरेशी त्याचं देणंघेणं नाही.

काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण त्यात तिचा जीव अडकलाय. दूध-भाकरीवर मांजर जगत नाही, हळूहळू झिजतं. टॉरिन नावाचा एक घटक कुत्र्याचं शरीर स्वतः बनवतं, मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही, मांसातूनच घ्यावा लागतो. कमी पडला की डोळ्याचा पडदा जातो, हृदय ढिलं पडतं. शिवाय वाढलेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. भज्जी आज टुणटुणीत आहे ती तुमच्या लेकाच्या पोत्यांच्या पुण्याईनं. सोयाबीन विकलं, उंदीर गेले, की मग काय? मांजराचं तयार कोरडं खाद्य आणा. मांजराचंच, कुत्र्याचं नको. काकूंना सांगा, शिजवायचं नाही, काही नाही, दाणे वाटीत ओतायचे.

आणि एक, तुम्ही तापात जी पॅरासिटामॉल घेतली असेल, ती मांजराला पाव तुकडाही कधी देऊ नका. त्याचं लिव्हर ते औषध निकामी करू शकत नाही, जनावर जातं. पावसाळ्यात असं एखादं माझ्याकडं येतंच, आणि आणणारा बिचारा मायेनं गोळी दिलेला असतो. रेबीजची लस टोचली नसेल तर टोचून घ्या. मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम 15 मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरा आणि सरळ दवाखाना गाठा, चुना-हळद नको. तिरंगी म्हणजे जवळजवळ मादीच, तेव्हा ऑपरेशनचंही बघा, नाहीतर पुढच्या येळवशीला घरात पाच भज्ज्या असतील.

आता माया का ऊब. मांजराच्या अंगाचंच तापमान 38-39 अंश असतं. हवा 30 च्या खाली आली की अंग गरम राखायला त्याला थोडी ताकद घालवावी लागते. ऑगस्टातल्या लातूरच्या रात्री तुमचे तापलेले पाय म्हणजे शेगडीच. काकू बरोबर बोलल्या. पण काका, तुमच्या घरात दुसरी शेगडी नव्हती का? टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स रात्रभर कोमट असतो, आणि तो नख मारावं लागेल असा हलत नाही.

वाघ्याशी तुलना करताना एवढं धरून चला. कुत्रं लांडग्यातून आलं, 15 हजार वर्षांच्या आसपास झाली, आणि लांडगा कळपात राहतो. कळपात मोठ्याची मर्जी राखली नाही तर उपाशी मरायची पाळी, म्हणून ते पोट घासत सरपटणं. मांजराच्या मूळ पुरुषानं शिकार एकट्यानं केली. माणसाजवळ ते दहाएक हजार वर्षांपूर्वी आलं, ते धान्याच्या कणगीतल्या उंदरांमागं. सायप्रस बेटावर 9500 वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कबरीशेजारी मांजर पुरलेलं सापडलंय. तर भज्जी तुमच्या जिन्याखाली त्याच जुन्या नोकरीवर आहे. माफी मागायचं तिच्या घराण्यात कुणी शिकलंच नाही. कान फिरवते म्हणजे नाव कळतं. आपलं नाव आणि दुसरे शब्द यांतला फरक मांजरांना समजतो, हे जपानमध्ये 2019 ला तपासून झालंय. उठून यायचं का नाही, हा तिचा प्रश्न.

जालन्याची_ताई

डॉक्टरसाहेब, सगळी मांजरं एका दावणीला बांधू नका. माझ्याकडं दोन आहेत. एकाचं नाव सरपंच. माझी स्कूटी गल्लीच्या तोंडाशी वळली की हा गेटावर, पाहुणा आला की आधी त्याच्या पिशवीत तोंड, अगदी कुत्र्याची जात. दुसरी चिमणी. सहा वर्षं झाली, माझ्या सासूबाईंनी तिचं फक्त शेपूट बघितलंय, माळ्यावर चढताना. सरपंचाची आई मेली तेव्हा तो तीन आठवड्यांचा होता, माझ्या लेकरांनी ड्रॉपरनं दूध पाजून वाढवला. चिमणीला कुणाच्या तरी गच्चीवरून चार महिन्यांची असताना धरून आणलं. फरक तिथंच पडला असं मला वाटतं.

काका, एक करून बघा. तिच्याकडं टक लावून बघू नका, त्याला ती दमदाटी समजते. डोळे अर्धे मिटा, सावकाश पूर्ण मिटा, मग उघडा. चिमणीशी माझं एवढंच बोलणं होतं.

गुरांचा_डॉक्टर_उदगीर

ताई, बिनशर्त मान्य. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे पिल्लू माणसाच्या हातात खेळलं ते माणसाळतं, नंतर फार कष्ट पडतात. डोळ्यांचं म्हणाल तर इंग्लंडात 2020 साली तेच करून बघितलं, मांजरं उलट डोळे मिचकावतात. (ड्रॉपरनं गाईचं दूध पाजलं असेल तर सरपंच नशिबवान.)

रिटायर_कंडक्टर_औसा

सगळ्यांचे आभार. खाद्याची पिशवी आणली. बायकोपुढं ठेवायची हिंमत नव्हती, जिन्यातच ठेवली होती. तिनंच वास काढला. वाटलं आता कीर्तन होणार. तर म्हणाली, नर्सीचे नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, मला दाणे ओतायला काय होतंय. वाटी मात्र वेगळी केलीय, आणि ओतताना नाकाला पदर.

ऑपरेशनची तारीख घेतलीय. लसही तेव्हाच.

ताई, डोळ्यांचं केलं. भज्जी पोत्यावर बसली होती. मी मिटले, उघडले. तिनं बघितलं. मग अगदी सावकाश मिटले, जसं रात्रीच्या गाडीत खिडकीपाशी बसलेलं माणूस पेंगतं तसं. उघडले आणि माझ्याकडं पाठ करून बसली. आता ह्याचा अर्थ काय लावायचा?

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून टीव्हीखाली वाकलो आणि सेट-टॉप बॉक्सवर हात फिरवला. कोमट आहे. वर पांढरे-तांबूस केस चिकटलेत, बोटभर थर. म्हणजे जागा तिला ठाऊक होती. ते केस तापाच्या आधीचे का नंतरचे, एवढं मात्र मला विचारू नका.