मदत हवी आहे: लाकडी फ्लूटच्या चावीची पिन निघंना

नमस्कार मंडळी, परभणीहून विचारतोय. माझ्याकडं आठ चाव्यांची (म्हंजे भोकं उघडझाक करायच्या धातूच्या पट्ट्यांची) जुनी लाकडी फ्लूट आहे, आपली बांबूची बासरी नव्हे, हिच्यात लाकडातच कोरलेल्या उंचवट्याच्या खाचेत चावी बसते अन् आडवी पिन आरपार जाते. जी-शार्प सुराच्या चावीचं पॅड (भोक झाकणारी मऊ गादी) बदलायचंय पण पिन जागची हलंना, उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलंय म्हणून घट्ट धरलं असंल. पिनचं एक टोक किंचित जाड दिसतंय, मग बारीक टोकाकडूनच ढकलायची ना? का आधी तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवू? ठोकायची लई भीती वाटते, उंचवटा चिरला तर सगळंच गेलं. अन् परत बसवताना पिनला काही लावायचं का? कुणी स्वतः केलं असंल तर सांगा, फोटो टाकतो.