मदत हवी आहे: तळमजल्यावरील स्वयंपाकघरासाठी प्लायवूडच्या ट्रॉल्या घ्याव्यात की स्टीलच्या?

नमस्कार. सांगलीच्या गावभागात आमचे तळमजल्याचे जुने घर आहे. ग्रॅनाइटचा दहा फुटी सरळ ओटा सुस्थितीत असल्याने तो तसाच ठेवून, ट्रॉल्या आणि भिंतीवरची कपाटे सव्वा लाखात बसवायची आहेत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी ओट्याच्या वर चढले होते आणि पार्टिकल बोर्डाची कपाटे फुगून त्यांचा अक्षरशः भुसा झाला, त्यामुळे ते आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कितीही स्वस्त पडले तरी पुन्हा घरात आणायचे नाही, एवढे ठरले आहे. आमचे सुतार आयएस ७१० या भारतीय मानकाचे, म्हणजे उकळत्या पाण्यातही थर न सुटणारे प्लायवूड सुचवतात. परंतु पाणी चार दिवस साचून राहिले, तर सनमायकाच्या कडा आणि बिजागऱ्या टिकतील का, ही शंका मनातून जात नाही. संपूर्ण स्टीलचा सांगाडा महाग आहे. ट्रॉल्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ऐवजी २०२ प्रतीच्या जाळ्या घेतल्यास पैसे वाचतात, मात्र तिच्यात निकेल कमी असल्याने गंजाची भीती अधिक.

खाली स्टील आणि वर प्लायवूड अशी विभागणी कोणी केली आहे का? भिंतीवरची कपाटे पुढच्या वर्षावर ढकलावीत का? (सासूबाईंना पोळपाटाचा स्वतंत्र कप्पा मात्र आत्ताच हवा आहे.) कृपया अनुभव आणि झालेला खर्च कळवावा.