मुलींचं मंडळ टिकवायचं कसं? आमच्यातल्या बहुतेक एसटीनं येणाऱ्या

मुरगूडकडची
कोल्हापुरात एस.वाय.ला आहे. आमच्या सीनियर पोरींनी मुलींचं मंडळ काढलेलं. हळदीकुंकू-रांगोळीपुरतं नव्हे, नव्या पोरीला जुनी पुस्तकं मिळवून द्यायची, परीक्षेच्या फॉर्मला पैसे कमी पडले तर वर्गणीतनं भरायचे, असलं. यंदा ते माझ्या गळ्यात पडलंय. ग्रुपवर ४१ जणी, मीटिंगला पाच.

लेक्चर साडेबाराला सुटतं. माझी गाडी एक-दहाची, ती चुकली की थेट पावणेतीन. गारगोटी, राधानगरी, पन्हाळा, प्रत्येकीची वेळ वेगळी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळं पैशाचं कारण कुणी फारसं सांगत नाही. पण अंधार पडल्यावर फाट्यापासनं घरापर्यंत चालायचं कुणी?

फ्रेशर्स चार वाजता ठेवली. साड्या नेसलेल्या पोरी सारख्या घड्याळ बघत होत्या, केक कापायच्या आधीच अकरा जणी गेल्या. उरलेला केक मी डब्यात भरून घरी नेला. आई म्हणाली, कुणाचा वाढदिवस गं?

असं काही चालवलंय का कुणी?

कळंबा रोड
ऑनलाइन घ्या की मीटिंग.

मुरगूडकडची
घेतली. एक रेंजसाठी गच्चीवर, दुसरीच्या मागं म्हैस ओरडतीय. हसलो लई, ठरलं काहीच नाही.

बोर्डिंगवाल्याचा नातू
शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा पोरांसाठी बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची निघत गेली. खेड्यातनं पोरगं शिकायला आलं तर राहणार कुठं, म्हणून. आमचे आजोबा तसल्याच एका बोर्डिंगात वाढले. पंगतीला शेजारी बसणारे दोस्त त्यांना म्हातारपणीही भेटायला यायचे. मीटिंग सोडा, आधी एकत्र जेवा. डबा तर सगळ्याच आणत असाल.

सध्या अमेरिकेत
इकडं याला सोरोरिटी म्हणतात. एका घरात राहणाऱ्या पोरींचं ठीक चालतं. माझ्या कॉलेजात निम्म्या ट्रेननं येतात, कॉलेज सुटलं की दुकानात कामाला. वर्गणी भरायची वर संध्याकाळची मीटिंग, त्या गळतातच. पण १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या अल्फा कप्पा अल्फा या सोरोरिटीचं एक आवडतं मला: पदवी झाली तरी सभासद राहता येतं, शिकून बाहेर पडलेल्या बायकांच्या वेगळ्या शाखा आहेत. तुमच्या सीनियर पोरी कुठायत आता?

होस्टेलची
राग नको, पण तुम्ही गाड्या गाठता आणि मागं खुर्च्या उचलायला आम्ही. वर ऐकायचं, होस्टेलवाल्याच सगळं ठरवतात. संध्याकाळी आम्हीच असतो, मग ठरवणार कोण?

मुरगूडकडची
होस्टेलची, हे लागलं. आमच्यात पण असंच होतंय. संध्याकाळी ठरतं, आम्हाला सकाळी गाडीत कळतं, मग आम्ही नुसता अंगठा टाकतो. आता जे ठरवायचं ते साडेबाराला, सगळ्यांसमोर. आणि एकदिवसाआड आमच्यातली एक पावणेतीनच्या गाडीनं जाणार, आवरायला.

आज डबा खाल्ला. कॉमन रूमला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडं, मामा जेवायला. मग जिन्याखालीच बसलो नऊ जणी. पन्हाळ्याच्या पोरीनं खर्डा आणलेला, पाण्याच्या बाटल्या संपल्या सगळ्यांच्या. माझी एक-दहा गेली. पावणेतीनपर्यंत सीनियर पोरींचे नंबर शोधत बसलो; सहा लागले, त्यातली एक स्टँडजवळच नोकरीला आहे.